बिनचिठ्ठीचा माल

तुम्ही मला पाहिलेलं नसणार. पाहिलं असेलच, तर टेपरेकॉर्डरचा चुलतभाऊ समजून पुढे गेला असाल. माझ्या तोंडावर ओळीनं भोकं आहेत, प्रत्येक भोकाशेजारी एक हिरवा दिवा आहे, आणि दिवसभर डोळे मिचकावत बसणं एवढंच माझं काम आहे असं लोकांना वाटतं. मी नेटवर्कचा स्विच. मिरकरवाड्याच्या रस्त्यावर हारुनशेठचं बर्फाचं आणि मासळीचं ऑफिस आहे ना, तिथं कपाटाच्या डोक्यावर माझा मुक्काम. आलाच आहात तर टेका जरा. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि विचारणारं कोणी नाही.

माझं काम तसं पोस्टमनचं. या संगणकाचं त्या संगणकाला काही सांगायचं असलं की मी ते उचलतो आणि नेमकं पोचवतो. कोण कोणाशी किती वेळ गुंतलंय, हे मला बरोब्बर कळतं. काय बोलतात ते मी ऐकत नाही. म्हणजे, कानावर पडतं, त्याला मी काय करणार?

माझा जन्म तैवानचा. पण ते मला फारसं आठवत नाही. आठवते ती मुंबईतली एसी ऑफिसातली एक कंपनी, जी संगणकाच्या धंद्यात वर चढली आणि तशीच खाली आली. मग लॅमिंग्टन रोडवरचं एक दुकान. तिथून मला आणि माझ्या जुळ्या भावाला अभय नावाच्या माणसानं उचललं आणि २००५ साली रातराणी एसटीनं रत्नागिरीला धाडलं, संगणकाचं शिकलेल्या आपल्या मामेबहिणीकडे, दर्शनाकडे. खोक्यात आमच्या शेजारी कुणाची तरी सुकट होती. तो वास माझ्या पंख्यातून जायला अख्खा पावसाळा लागला.

आता माणसं सांगते... सांगतो. (शेजारपाजारच्या बायकांचं ऐकून ऐकून मलाही सवय लागलीय.) हारुन आणि नबील हे सख्खे भाऊ. वडील गेले, वाटण्या झाल्या. पुढचं ऑफिस आणि मागे जेटीकडचा बर्फाचा कारखाना थोरल्या हारुनशेठकडे आला. कारखान्याला लागून असलेला गाळा धाकट्या नबीलला मिळाला. नबील शारजाला संगणकाच्या दुकानात होता, तो परत आला आणि गाळ्यात सायबर कॅफे टाकून बसला. सगळं गोडीगुलाबीनं झालं. राहिला वडिलांचा मासळीचा टेम्पो. तो कुणाचा, यावरून जे बिनसलं ते बिनसलं. टेम्पो रामजीभाऊंच्या फणसाखाली उभा. हा त्याला चालवू देईना, तो याला. टायर बसले, आत कोंबडीनं अंडी घातली, पण भाऊ एकमेकांशी बोलेनात.

हे रामजीभाऊ म्हणजे दर्शनाचे वडील, रिटायर क्लार्क. त्यांचं घर बरोब्बर दोघा भावांच्या मधे. पुढे ऑफिस, मधे रामजीभाऊ, मागे कारखाना आणि कॅफे. त्यामुळे भांडणाचा आवाज कुठूनही निघाला तरी त्यांच्या ओटीवरूनच जायचा. त्यांच्या मंडळी सुनंदावहिनी तांदूळ निवडायच्या निमित्तानं तिथंच बसलेल्या असायच्या.

अडचण अशी झाली की टेलिफोनवाल्यांनी दोघांच्याही इंटरनेटच्या लाइनी पुढच्या ऑफिसातच आणून ठेवल्या. मागे खांब नाही म्हणाले. म्हणजे नबीलची लाइन हारुनशेठच्या कपाटावर! आणि इकडे हारुनशेठचा एक संगणक मागे कारखान्यात, वजनकाट्यापाशी. दोघांनाही पुढून मागे वायर हवी, आणि वायर जाणार रामजीभाऊंच्या कौलांवरून.

"एक वायर घाला," रामजीभाऊ म्हणाले. "दुसरी घातलीत तर तिच्यावर मी लेंगे वाळत घालीन."

वायर एक आणि भाऊ दोन. म्हणून दर्शनानं आम्हा जुळ्यांना आणवलं. मी पुढे ऑफिसात, माझा धाकटा जुळा मागे कॅफेत, वजनकाट्याचा संगणकही त्यालाच जोडलेला, आणि मधे ती एकुलती एक वायर. आमच्या जातीच्या स्विचला एक विद्या येते. एकाच डब्यातली भोकं वाटून देता येतात. ही हारुनशेठची, ही नबीलची. मांडीला मांडी लावून बसतात, पण एकमेकांची ओळख दाखवत नाहीत. याला व्हीलॅन म्हणतात. मला तर पहिल्याच दिवशी वाटलं, आपण अगदी योग्य घरात आलो.

ज्या भोकात एकाच मालकाचा संगणक, तिथं काही खूण लागत नाही. त्याला अनटॅग्ड म्हणतात. पण मधल्या वायरीतून दोघांचाही माल जाणार, तेव्हा तिथं प्रत्येक मालाला मालकाचा टॅग हवा. दर्शनानं हे हारुनशेठना समजावलं, आणि तिथंच घात झाला.

"काका, असं समजा की ही वायर म्हणजे टेम्पो," ती म्हणाली. "टेम्पोत दोन मालकांचे क्रेट. मग प्रत्येक क्रेटला चिठ्ठी बांधता ना? तसंच."

टेम्पोचं नाव निघालं आणि हारुनशेठनी चष्मा काढला.

"चिठ्ठी कुणाच्या क्रेटला बांधतात गो?"

"ज्याच्या त्याच्या."

"चूक. बंदरात कुणालाही विचार. ज्याचा टेम्पो, त्याच्या क्रेटला चिठ्ठी नसते. चिठ्ठी बांधतात भाड्याच्या मालाला. वायर कुणी आणली?"

"तुम्ही."

"मग माझ्या मालाला चिठ्ठी कशाला? माझा माल बिनचिठ्ठीचा जाणार. चिठ्ठी बांध त्या नबीलच्या मालाला."

दर्शना हसली, मग तिच्या लक्षात आलं की शेठ हसत नाहीयेत. पण त्यांचं म्हणणं अगदीच अशक्य नव्हतं. वायरीत एका मालकाचा माल विनाटॅग ठेवता येतो. अट एकच, दोन्ही टोकांना ठरलेलं असलं पाहिजे की बिनचिठ्ठीचा माल कुणाचा. तिनं मला सांगितलं, बिनचिठ्ठीचा तो हारुनशेठचा. मागे जाऊन धाकट्यालाही तेच सांगितलं. सगळं झकास चाललं. मग ती संगमेश्वरला पतसंस्थेतल्या नोकरीवर रुजू झाली आणि रविवारपुरती घरी यायला लागली.

सुनंदावहिनींच्या पोटात गोष्ट एक स्वयंपाक होईस्तोवर राहते. संध्याकाळी त्या कॅफेच्या दारात उभ्या राहिल्या. "नबीलभाई, तुमच्या मालाला म्हणे चिठ्ठ्या बांधल्यायत. भाड्याचा माल म्हणून. मी काही बोलत नाही, आपलं कानावर आलं ते सांगितलं."

नबील उठला. "वायर त्याची असेल. ज्या पाइपातून वायर जाते तो पाइप कुणाचा? माझा! पाइप नसता तर वायर माकडांनी खाल्ली असती."

शारजाला चार गोष्टी शिकलेला माणूस. अडीअडचणीला म्हणून दर्शनानं पासवर्ड देऊन ठेवलेला. त्यानं मागच्या मागे धाकट्याला फिरवलं: बिनचिठ्ठीचा माल तो नबीलचा, चिठ्ठी हारुनला. मला कुणी काही बोललं नाही. मी आपला जुन्याच हिशेबानं चालू.

आता ऐका गंमत. हारुनशेठचा माल माझ्याकडून चिठ्ठीशिवाय निघायचा. धाकट्याकडे पोचला की तो म्हणायचा, चिठ्ठी नाही ना, मग हा नबीलशेठचा! आणि कॅफेत नेऊन उतरवायचा. कॅफेचा बिनचिठ्ठीचा माल माझ्याकडे आला की मी म्हणायचो, हा आपल्या शेठचा! आणि ऑफिसात उतरवायचो. दोघा भावांनी वेगळं राहण्यासाठी एवढा आटापिटा केला, आणि आम्ही दोघांनी त्यांना एका खोलीत आणून बसवलं. कॅफेतलं सगळं गिऱ्हाईक आता हारुनशेठच्या लाइनवर. नबीलची स्वतःची लाइन माझ्या शेजारी जांभया देत पडलेली. आणि वजनकाट्यावरचा तो बिचारा संगणक! त्याची हाक माझ्यापर्यंत यायची, पण माझं उत्तर त्याला न मिळता भलतीकडेच, कॅफेत जायचं. तो बहिरा झाला. शेठचे कारकून आत्माराम बर्फाच्या ऑर्डरी घेऊन दिवसातून कितीदा तरी मागे पळायला लागले.

ऑफिसातल्या प्रिंटरमधून तर काय काय निघू लागलं! कॅफेत कुणी छापायला सांगितलं की कागद शेठच्या टेबलावर.

"शेठ," एक दिवस आत्माराम म्हणाले, "आपल्याला कुणीतरी ताजमहाल पाठवलाय. खाली लिहिलंय, इयत्ता सहावी ब."

"फाइलला लाव," शेठ म्हणाले. त्यांना वाटलं सरकारी असेल.

हसू येतंय ना? मलाही येत होतं. पण त्याच सुमारास हारुनशेठचा मुलगा हाशिम कुवेतला बाप झाला. मुलगी झाली. तेव्हा मात्र माझे दिवे जरा मंद झाले.

कारण हाशिमची आई बिल्किसभाभी. हाशिम कुवेतला गेल्यापासून दर शुक्रवारी ती नबीलच्या कॅफेत जाऊन कॅमेऱ्यावर लेकाचं तोंड बघायची. शुक्रवारी तिकडे सुट्टी, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या आया, बायका, बहिणी तिथंच गोळा. चिठ्ठ्यांवरून भांडण आणखी चिघळलं आणि शेठनी फर्मान काढलं, त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही. शेठनी ऑफिसात स्वतःचा कॅमेरा आणला. पण भाभीचं मन लागेना. हाशिमला कुवेतची नोकरी लावून देणारा नबील. लहानपणी त्याला पोहायला शिकवणारा नबील. आणि नातीच्या अकीक्याला, नाव ठेवायच्या दिवशी, तोच नाही? "हाशिमनं विचारलं चाचा कुठे, तर मी काय सांगू?" एवढंच ती विचारायची. शेठ वर्तमानपत्र उंच धरायचे.

अकीका शुक्रवारी आला. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाली आणि भाभी सांदणांचा डबा घेऊन ऑफिसात येऊन बसली. शेठनी नवा शर्ट घातलेला. पडद्यावर हाशिमचं नाक आलं, एक कान आला, आणि चित्र थिजलं.

थिजणारच! मागे कॅफेत एकूण एक खुर्ची भरलेली, सगळ्यांचे कॅमेरे चालू, आणि ते सगळं ओझं शेठच्या एकट्या लाइनीवर. मी जीव तोडून मिचकावत होतो.

"आत्माराम! काय झालं याला?"

आत्मारामांनी मला दोन चापट्या मारल्या. मी काय करू?

"कपडा गुंडाळलेलं काहीतरी दिसतंय," भाभी पडद्याला नाक लावून म्हणाली. "ही ती आहे का उशी आहे?"

"थांब जरा, येईल."

"किती थांबू?" भाभी उठली. डब्याचं झाकण लावलं. "मी चालले नबीलकडे."

"बिल्किस! त्या पायरीवर—"

"पायरी तुमची नि त्याची असेल. नात माझी आहे."

आणि गेली. रामजीभाऊंच्या अंगणातून सरळ. सुनंदावहिनी सूप टाकून तिच्या मागोमाग.

पुढचं मला वायरीतून कळलं, थोडं वहिनींकडून. भाभीला दारात बघून नबील उभाच राहिला. "भाभी, माझंही सगळं अडकलंय. दुपारपासून लाइन रडतेय." मग त्यानं टाळ्या वाजवल्या. "ऐका! आमच्या हाशिमची लेक बघायचीय. पाच मिनिटं सगळ्यांनी कॅमेरे बंद करून हात वर करा. कुणी काही दाबू नका."

"आमच्या ह्यांचा फोन आता कुठं लागला हो," एक बाई कुरकुरली.

"तुझे हे पळून जात नाहीत," सुनंदावहिनींनी तिला दटावलं. "बाळ रोज रोज नवं नसतं."

सगळ्या कॅफेनं हात वर केले. लाइन मोकळी झाली. आणि इकडे ऑफिसात शेठच्या पडद्यावरचं चित्र एकदम हललं! स्वच्छ, लख्ख. ती उशी नव्हती. जांभई देत होती.

"अब्बा! दिसतंय का?" हाशिम विचारत होता. "अम्मी कुठाय? चाचा आले?"

शेठनी मागे वळून पाहिलं. खोलीत आत्माराम, मी, आणि बर्फाचं कॅलेंडर. तेवढ्यात पलीकडे नबीलनं संगणकावरून हाशिमला हाक दिली, हाशिमनं इकडची सोडून ती घेतली, आणि शेठच्या पुढ्यातला पडदा काळा झाला.

"आत्माराम, माझ्या चपला कुठेत?"

"पायातच आहेत, शेठ."

शेठ निघाले. कॅफेच्या पायरीपाशी थांबले. आतल्या बायांचे हात तसेच वर.

"मी तुझ्याकडे आलेलो नाही," शेठ म्हणाले. "माझी बायको इथं आहे म्हणून आलोय."

"बरं, भाईजान," नबील म्हणाला आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "मग तिच्या शेजारी बसा."

शेठ बसले. नबील खुर्चीच्या पाठीला धरून मागे उभा. हाशिमनं नाव सांगितलं, आयात. अख्ख्या कॅफेनं ते एकदम म्हटलं, इतक्या मोठ्यानं की बाळ दचकून रडायला लागलं. सांदणं तिथंच संपली.

रविवारी दर्शना आली. तिनं आधी मला उघडून बघितलं, मग धाकट्याला, आणि कपाळाला हात लावून हसत सुटली.

"काका, तुम्ही म्हणालात बिनचिठ्ठीचा माल तुमचा. नबीलकाकांनी तिकडे सांगितलं, त्यांचा. म्हणून तुमचा माल त्यांच्या घरात आणि त्यांचा तुमच्या."

"म्हणजे अख्खं कॅफे माझ्या लाइनीवर चालत होतं?" शेठ कडाडले.

"आणि माझी लाइन सडत पडली, तिचं काय?" नबील दारातून ओरडला.

झालं! शुक्रवारची गोडी रविवारपर्यंत टिकली नाही. भाभीनं दर्शनाचा दंड धरला आणि तिला माझ्या कपाटाआड ओढलं. माझ्या कानाशीच हो.

"दुरुस्त करू नको गो बाय," भाभी कुजबुजली. "तू दुरुस्त केलंस की हे परत आपापल्या खोलीत. परत मी पायरीच्या अल्याड."

"भाभी, वजनकाटा बंद आहे. आत्मारामकाकांचे गुडघे गेले पळून. दुरुस्त तर करावंच लागेल."

भाभीचे डोळे भरले. दर्शनानं माझ्याकडे बघितलं आणि गालात हसली.

तिनं मधली वायर सरळ केली. आता दोघांच्याही मालाला टॅग, बिनचिठ्ठीचं कुणीच नाही. "टेम्पो कुणाचाच नाही, तो रामजी कांबळ्यांच्या कौलांवरून जातो," असं तिनं दोघांना सुनावलं. आणि मागे धाकट्याचं शेवटचं भोक तिनं हारुनशेठच्या नावावर केलं, विनाटॅग. त्याची वायर कॅफेच्या कोपऱ्यातल्या संगणकाला.

"काका, कॅफेतला कोपऱ्यातला संगणक आता तुमच्या लाइनीवर आहे. तिथं बसलात तरी तुम्ही तुमच्याच घरात."

शेठनी विचार केला. "म्हणजे मी त्याच्या दुकानात बसलो तरी..."

"लाइन तुमची."

"हां. मग ठीक आहे. माझ्या लाइनीवर बसायला मला कुणाची परवानगी नको."

तेव्हापासून दर शुक्रवारी शेठ आणि भाभी कॅफेत. शेठ आत शिरताना मोठ्यानं सांगतात, "मी माझ्या लाइनीवर बसायला आलोय." नबील चहा सांगतो. शेठ म्हणतात नको, आणि पितात.

पुढे खाऱ्या वाऱ्यानं धाकट्याचं ते शेवटचं भोक गंजलं. एका शुक्रवारी सकाळी ते बंद पडलं. नबीलनं गुपचूप वायर काढली आणि शेजारच्या भोकात घातली, स्वतःच्या. कुणाला बोलला नाही. पण मला कळणारच! त्या दिवसापासून आयातचं बागडणं, तिचे नवे दात, तिचं "दादाजी, बघा", सगळं माझ्याकडून नबीलच्या टॅगनं जातंय. आणि शेठ कोपऱ्यात बसून ऐटीत म्हणतात, "माझ्या लाइनीला तोड नाही."

भाभीला माहीत आहे. दर्शनाला माहीत आहे. सुनंदावहिनींना माहीत आहे, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी समजत होतो, एकट्या शेठनाच माहीत नाही.

मग गेल्या महिन्यात रस्ता खणताना शेठची लाइन तुटली. सकाळपासून त्यांच्या मोडेमचा दिवा लाल. शेठनी स्वतः टेलिफोनवाल्यांना तीनतीनदा फोन करून झाडलं. ऑफिसात काही म्हणजे काही चालत नव्हतं. दिवस शुक्रवारचा. मी वाट बघत होतो, आता काय होतंय. संध्याकाळी शेठ उठले, लाल दिव्याकडे एकदा नीट बघितलं, भाभीला हाक मारली आणि कॅफेत जाऊन कोपऱ्यात बसले.

"कशी चाललीय लाइन, भाईजान?" नबीलनं विचारलं.

"झकास," शेठ म्हणाले. "माझीच आहे. चहा सांग."

आता २००९ उजाडलंय. माझा पंखा घरघरतो, चार दिवे कायमचे मिटलेत, आणि मला बदलून नवा आणायचं घाटतंय. माझी त्याला ना नाही. पण जो कुणी नवा माणूस येईल तो हुशार असेल, सगळं उघडून तपासेल, आणि म्हणेल, शेठ, तुमची कोपऱ्यातली वायर चुकीच्या भोकात आहे, नीट करून देतो.

तुमच्यापैकी कुणी तसं काम करणारं असेल तर एवढंच मागणं आहे. वजनकाटा बघा, प्रिंटर बघा, माझी धूळ झाडा, ओल्या फडक्यानं मात्र नको. पण त्या एका वायरीला हात लावू नका. आणि हारुनशेठनी विचारलंच, की ही लाइन कुणाची, तर त्यांच्याकडे न बघता सांगा, "तुमचीच, शेठ." ते खूश होतील. नबील चहा सांगेल. तुम्हीही घ्या.